60 खोकी, 60 बो: रिबीन कोणती घ्यावी, आणि माझा बो सारखा उभा का वळतो?

पानगळ

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

माझी आई 40 वर्षं कविता लिहितेय. कधी कुठे छापायला दिल्या नाहीत, एका जाड वहीत उतरवत राहिली. आम्ही तिघा भावंडांनी त्यातल्या 48 कविता निवडून एक छोटी पुस्तिका छापून घेतली आहे. 60 प्रती. तिला अजून काही माहीत नाही. जवळच्या माणसांना बोलावून तिच्याच हाताने त्या प्रती वाटायच्या असं ठरलंय. प्रत्येक प्रतीसाठी पुठ्ठ्याचं खोकं करून घेतलंय: 21 सेंमी लांब, 15 रुंद, 3 उंच. रंग मातकट, कागद जरा खरखरीत.

शिवाय तिची मूळ वही तिला परत द्यायची आहे, नवी बांधणी करून. तिचं खोकं मोठं आहे, 32 × 24 × 10 सेंमी, वर उचलायचं झाकण. त्याच्यावर एक मोठा, भरगच्च बो हवा आहे.

घरात 10 मिमीची सॅटिनची रिबीन होती, तिच्यावर तीन दिवस सराव केला. निष्पन्न असं: बो आडवा बसायला हवा तर तो वळून उभा होतो, कितीही सरळ केला तरी. एक सोगा चकचकीत दिसतो आणि दुसरा मळकट, कारण रिबिनीची उलट बाजू वर येते. संध्याकाळी बांधलेला बो सकाळी अर्धा सैल असतो. टोकांचे दोरे सुटतात. आणि त्या खोक्यावर ती रिबीन दोरीसारखी दिसते, ते वेगळंच.

रिबीन कोणती, किती रुंद, किती मीटर? आणि बांधायची कशी? बहीण म्हणते, तयार बो आणून चिकटवून टाक. माझं मन तयार होत नाही. ज्या बाईने प्रत्येक कवितेची चार-चार वेळा सुवाच्य प्रत काढली, तिच्या पुस्तकावर चिकटवलेला बो नको वाटतो.

कातरकाम

60 म्हणजे खूप होतात, म्हणून बहिणीची बाजू घेते. चिकटवायचे तयार बो वाईट नसतात. फक्त दोन गोष्टी बघा. एकावर एक खोकी रचलीत तर ते चेपतात आणि पुन्हा फुलत नाहीत. आणि खरखरीत कागदावर त्यांचा गोंद धड धरत नाही, ओढला की कागदाचा पापुद्रा घेऊन निघतो. तुमच्या खोक्याचा कागद तसाच दिसतोय. तेव्हा चिकटवायचंच असेल तर आधी खोक्याभोवती रिबिनीचा पट्टा घ्या आणि बो त्या पट्ट्यावर चिकटवा.

सुरगाठ

पानगळ, तुमचा प्रश्न वाचला आणि सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. मी 11 वर्षं भेटवस्तू बांधून देण्याच्या टेबलावर उभी राहून काम केलं आहे, त्यामुळे रिबिनीबद्दल मला जरा जास्तच बोलायचं असतं.

तुमच्या चार तक्रारींपैकी तीन रिबिनीच्या आहेत आणि एक हाताची. हाताची आधी सांगते, कारण ती एका मिनिटात सुटते.

बो उभा वळतो तो पहिल्या अर्ध्या गाठीमुळे. आपण आधी दोन टोकं एकमेकांत अडकवतो आणि मग वर कान काढून बो बांधतो. म्हणजे गाठी दोन झाल्या. पहिलीत उजवं टोक डाव्यावरून गेलं असेल तर दुसरीत डावं उजव्यावरून जायला हवं. दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवलं की गाठीत पीळ राहतो आणि तो पीळ बोला काटकोनात फिरवतो. तुम्ही कान काढायची आपली सवय अजिबात बदलू नका, हाताला ती पक्की झालेली असते. फक्त सुरुवातीची अर्धी गाठ उलट्या बाजूने घाला. आत्ता उजवं डाव्यावरून घेत असाल तर डावं उजव्यावरून घ्या. बो आपोआप आडवा बसेल. बुटाच्या नाडीवर करून बघा, फरक लगेच दिसेल.

सैल होण्याचं अर्धं कारणही हेच आहे. बुटाच्या नाड्या चालताना कशा सुटतात याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केला होता. पाय आपटल्याचे धक्के गाठीला ढिलं करतात आणि हेलकावणारी टोकं तिला बाहेर ओढत राहतात. दोन्ही तऱ्हेच्या गाठी सुटल्या, पण पिळाची गाठ लवकर सुटली. तुमची खोकी गाडीतून जाणार, हातातून हातात जाणार. धक्के आलेच.

आता रिबीन. सॅटिन हे सुताचं नाव नाही, विणीचं नाव आहे. त्यात उभे धागे बऱ्याच आडव्या धाग्यांवरून एकदम उडी मारून जातात, म्हणून पृष्ठभाग सलग, गुळगुळीत आणि चमकदार होतो. आणि म्हणूनच गाठ घसरते, तिला धरायला काही मिळत नाही. साध्या सॅटिनला चमक एकाच अंगाला असते. बो बांधताना रिबीन एकदा तरी पलटतेच, मग तुमचा एक सोगा मळकट दिसतो. यात तुमची चूक काही नाही. दोन्ही अंगांनी चमकणारं सॅटिन मिळतं, ते घेतलं तर ही अडचण जाते, पण घसरणं राहतंच.

तुमच्या 60 खोक्यांना मी ग्रोसग्रेन घेईन. आडव्या बारीक रेघांची असते ती. तिच्यात जाड आडवे धागे असतात आणि त्यांच्यावरून बारीक उभे धागे दाट विणलेले, त्यामुळे नखाखाली आडव्या कण्या लागतात. त्या कण्या एकमेकींत बसतात आणि गाठ धरून ठेवतात. शिवाय दोन्ही बाजू सारख्या, उलट-सुलट हा विषयच नाही. चमक कमी असते, पण खरखरीत मातकट कागदावर मला चकचकीत सॅटिनपेक्षा ही जास्त शोभते. कागदाचा पोत आणि रिबिनीचा पोत एकमेकांशी बोलतात.

रुंदी 16 मिमी. 10 मिमी तुम्हाला दोरीसारखी वाटली ते बरोबरच आहे. 22 मिमीही चालेल, पण ग्रोसग्रेन त्या रुंदीला ताठ होते, गाठीचा गड्डा होतो आणि 3 सेंमी उंचीच्या खोक्यावर तो बोजड दिसतो.

लांबीचा हिशेब. खोक्याला दोन्हीकडून, अधिकच्या चिन्हासारखी रिबीन घ्यायची तर लांबीच्या दुप्पट, रुंदीच्या दुप्पट आणि उंचीच्या चौपट. म्हणजे 42 + 30 + 12 = 84 सेंमी. 11 सेंमी रुंदीचा बो आणि 10-10 सेंमीचे सोगे यांना 60 सेंमी धरा. त्यात हाताने धरायची जागाही आली. झाले 144, आपण 145 कापू. रीळ बहुतेक वेळा 25 वारांचं असतं, म्हणजे 22.86 मीटर. एका रिळात 15 खोकी. चार रिळांत बरोबर 60 होतात, म्हणून पाच घ्या. सगळी एकाच वेळी घ्या आणि उजेडात शेजारी शेजारी धरून बघा. रंगाची खेप बदलली की छटा बदलते, आणि एका टेबलावर मांडल्यावर ती डोळ्यात खुपते.

रिबीन खोक्याभोवती घेताना तिचा मध्य वरच्या अंगावर, समोरून मागे असा ठेवा. दोन्ही टोकं खाली न्या, तळाशी एकमेकांना अडकवून पाव वळण द्या आणि डाव्या-उजव्या कडांवरून वर आणा. टोकं ज्या दिशांनी वर येतात त्याच रेषेत बो बसतो. टोकं समोरून आणि मागून वर आली तर गाठ अगदी बरोबर घालूनही बो उभा दिसेल. अर्धी गाठ घालताना मधल्या पट्ट्यालाही तिच्यात घ्या, म्हणजे बो सरकत नाही.

टोकं कापताना रिबीन लांबीत दुमडा. सुट्या काठांच्या टोकापासून घडीकडे तिरकी कात्री चालवा, घडीपाशी काप सगळ्यात आत जायला हवा. उघडली की माशाच्या शेपटीसारखं टोक येतं. उलट कापलंत तर भाल्यासारखं टोक येईल. कात्री धारदार हवी, आणि तिने कागद कापू नका, कागद धार खातो. दोरे सुटू नयेत म्हणून ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाच्या बाजूला टोक सेकंदभर धरायचं. ज्योतीत घालायचं नाही, नाहीतर काळा गड्डा होतो. पण हे फक्त पॉलिएस्टर आणि नायलॉनला. आधी एक सुटा धागा जाळून बघा. आक्रसून मणी झाला तर कृत्रिम. कागद जळल्याचा वास आला तर सुती. केस जळल्यासारखा आला तर रेशीम. सुती आणि रेशमी रिबिनीच्या टोकाला रंगहीन नेलपॉलिशचा बारीक हात द्या. खिडकी उघडी आणि पाण्याचं भांडं जवळ, हे ओघाने आलंच.

एक शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द आहेत. बो ही सुरगाठ आहे. एक सोगा ओढला की ती उलगडली पाहिजे. सुटेल या भीतीने पुष्कळ जण खाली निरगाठ मारतात आणि वर शोभेचा बो बांधतात, मग घेणाऱ्याला कात्री शोधावी लागते. मी टेबलावर उभी असताना माणसं ते बांधलेलं खोकं हातात घेऊन आधी सोगा चाचपून बघायची. तो क्षण राहू दे. ग्रोसग्रेन घेतलीत तर निरगाठीची गरज पडणार नाही.

मोठ्या खोक्याचं वेगळं लिहिते, हे फार लांबलं.

ओलीमाती

सुरगाठ यांच्या यादीत एक भर घालते, कारण मी भोगलं आहे. गडद लाल रिबीन पांढऱ्या वेष्टनावर बांधून रात्रभर ठेवली होती. हवा दमट होती. सकाळी रिबिनीखाली गुलाबी पट्टा उमटला होता, बारा पाकिटांवर. तेव्हापासून कुठलीही गडद रिबीन आणली की ओल्या पांढऱ्या कापडात चिमटीत धरून दहा-बारा वेळा घासते. कापडावर रंग आला तर ती रिबीन कागदाला लावायची नाही. लाल, काळी आणि गडद निळी यांची तपासणी चुकवू नका.

पानगळ

सुरगाठताई, आत्ताच बुटाच्या नाडीवर करून पाहिलं. आडवा बसला! इतकी वर्षं मी उभ्या बोच्या नाड्या घालून फिरत होते आणि तसंच असतं असं समजत होते.

ग्रोसग्रेन नक्की. रंग गडद हिरवा घ्यावा असं मनात आहे, कारण आईच्या वहीचं जुनं आवरण त्या रंगाचं होतं. ओलीमाती, घासून बघेनच.

मोठ्या खोक्याची वाट बघतेय. आणि एक शंका. 60 खोकी न्यायची कशी? रचली तर बो चेपणार.

सुरगाठ

रचू नका, उभी करा. मोठ्या खोक्यात पुस्तकं कपाटात लावतो तशी लांब कडेवर उभी लावा, आणि दर दोन खोक्यांच्या मध्ये, बोच्या वर आणि खाली, पातळ कागदाची सैल गुंडाळी ठेवा. दोन खोक्यांत बोपुरतं अंतर राहिलं की झालं. पोचल्यावर प्रत्येक कानात बोट घालून एकदा गोल फिरवा, पुन्हा फुलतात. ग्रोसग्रेन याबाबतीत गुणी आहे.

गडद हिरवा छान. बांधून झाल्यावर घड्यांत तो आणखी गडद दिसतो, हे धरून रिळावर हवा त्यापेक्षा अर्धी छटा उजळ घ्या.

आता वहीचं खोकं. इथे तारेच्या काठाची रिबीन घ्या, 63 मिमी रुंद. तिच्या दोन्ही काठांत बारीक तार असते, त्यामुळे पाकळी जशी वळवाल तशी राहते. ऑर्गेंझा घेऊ नका. पारदर्शक असल्याने खालचा रंग पिऊन टाकते, मातकट कागदावर तीही मातकट होईल. मखमल मला फार आवडते, पण तिची लव एका दिशेला झोपलेली असते. एक पाकळी उजळ आणि शेजारची काळपट दिसते, आणि दाब पडला की डाग राहतो. पहिल्या मोठ्या बोला मखमल नको.

हा बो बांधायचा नसतो, रचायचा असतो. खोक्याची आखूड बाजू 24 सेंमी आहे, बो तिच्या दोन-तृतीयांश ठेवू, म्हणजे 16. एका बाजूची पाकळी 8 सेंमीची, तिला रिबीन 16 लागते. दोन्हीकडे तीन-तीन अशा सहा पाकळ्यांना 96. मधल्या लहान कानाला 10. दोन सोगे 25 चे, ते 50. झाले 156, आणि चिमटीत जाणारी धरून 175 कापा.

एक सोगा सोडून रिबीन चिमटीत धरा. आधी मधला लहान कान, अंगठ्यावरून गोल घेऊन. मग एक पाकळी डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी रिबीन चिमटीत आली की तिला अंगठ्याखाली अर्धा पीळ द्या, म्हणजे सुलट बाजू कायम बाहेर राहते. हा अर्धा पीळ म्हणजे या बोचं सगळं रहस्य. तो विसरलात तर दर दुसरी पाकळी उलटी निघेल. चिमूट जितकी बारीक, बो तितका भरगच्च. बोटं दुखायला लागतात, पण सोडायची नाही.

सहा झाल्या की 26 गेजची तार मधल्या कानातून ओवून मागे आणा. इथे जवळजवळ सगळे चुकतात: तार पिळत बसतात, ती तुटते किंवा सैल राहते. तार घट्ट धरून ठेवा आणि बो गरगर फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत तो असा आवळतो की हलत नाही. मग पाकळ्या उघडा, एक वर, एक खाली, एक पुढे. तारेची कापलेली टोकं मागे दुमडून आत घाला, ती बोटाला आणि कागदाला टोचतात.

पट्ट्यासाठी याच रिबिनीचा वेगळा तुकडा लागेल, पण तो पूर्ण खोक्याभोवती घेऊ नका. फक्त झाकणावर घ्या आणि टोकं झाकणाच्या आतल्या बाजूला दुमडून चिकटवा. मग झाकण बोसकट उचललं जाईल, आईंना काही सोडावं लागणार नाही. साठ जणांना सोगा ओढू दे, त्यांना झाकण उचलू दे.

मांजरपावलं

धागा वाचून आनंद झाला, पण घरात मांजर असेल तर एक काळजीची गोष्ट सांगते. रिबिनीचे कापलेले तुकडे जमिनीवर राहू देऊ नका. मांजर ते गिळतं. लांब दोऱ्यासारखी वस्तू पोटात गेली की तिचं एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं तिच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या मांजरीची झाली, ती वाचली. तोंडातून किंवा मागून रिबीन लोंबताना दिसली तर स्वतः ओढू नका, आतडं फाटू शकतं. सरळ पशुवैद्याकडे न्या. तान्ह्या बाळाच्या खेळण्याला किंवा पाळण्यालाही लांब सोग्याचा बो लावू नका.

कातरकाम

मी पुन्हा आले. बहिणीची बाजू सोडली. सुरगाठ यांचं वाचून उजवं-डावं मीही तपासलं, माझंही चुकत होतं.

एक उपयोगी पडेल. सोग्यांबरोबर प्लास्टिकच्या बारीक रिबिनीच्या कुरळ्या लडी हव्या असतील तर कात्रीच्या पात्यावरून ती झटक्यात ओढू नका. आपल्याला वाटतं जितकं जोरात तितकं कुरळं, पण उलट आहे. 2016 साली यावर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हळू ओढल्यावर वळी जास्त घट्ट आल्या. पात्याशी वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आणि त्याला तसंच राहायला वेळ मिळाला तर तो आकार धरतो. हे फक्त प्लास्टिकच्या रिबिनीला, सॅटिनला पात्यावरून ओढलं तर तिचे धागे चिरतात.

पानगळ

झालं. आज सविस्तर लिहायला वेळ मिळाला.

ग्रोसग्रेन पाच रिळं आणली. ओलं कापड घासलं, रंग आला नाही. टेबलावर 145 सेंमीवर दोन खुणा करून सगळ्या आधी कापून घेतल्या, त्याने फार वेळ वाचला. काम वाटून घ्यायचं म्हणून बहीण अर्धी गाठ घालून खोकं पुढे सरकवायची आणि भाऊ बो बांधायचा. पहिले सात बो सगळे उभे. मला कळेना, सगळं तर सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. मग लक्षात आलं की भाऊ डावखुरा आहे. त्याचा हात उलट्या बाजूने फिरतो, त्यामुळे बहिणीने सुधारून घातलेली अर्धी गाठ त्याच्यासाठी पुन्हा चुकीची ठरत होती. एकाचं खोकं एकानेच पूर्ण करायचं ठरवलं आणि सात सोडून पुन्हा बांधले. ग्रोसग्रेनवर आधीच्या गाठीच्या चुण्या राहिल्या, त्या कोमट इस्त्रीखाली वर कापड ठेवून गेल्या.

मोठा बो तिसऱ्या वेळी जमला. अर्धा पीळ दोनदा विसरले. तार धरून बो फिरवायचं सांगितलं नसतंत तर मी अजून तिथेच असते.

आईने झाकण उचललं, वही पाहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग प्रती वाटायला उठली. साठही बो पोचेपर्यंत टिकले, आणि एकालाही कात्री मागावी लागली नाही.

आता एक नवीन प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आईने मोठ्या बोची मधली तार उलगडून सगळी रिबीन सरळ केली होती. ती तिला वहीला बांधायला हवी आहे. म्हणते, यात रोज लिहीन आणि रोज बांधून ठेवीन. पण काठांतली तार वहीच्या कापडी आवरणाला घासते. तार काढता येते का?

सुरगाठ

येते, विणलेल्या काठाची असेल तर. एका टोकाशी काठ अर्धा सेंमी उसवून तारेचं टोक मोकळं करा. ते चिमट्याने धरा आणि दुसऱ्या हाताने रिबीन मागे सरकवत राहा, तार ओढू नका. रिबिनीला चुण्या पडतील, पडू दे, तार निघाली की सरळ होतात. अडली तर जबरदस्ती करू नका, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. मग दुसरा काठ. काठ चिकटवलेला निघाला तर तार अशी सरकणार नाही. तसं असेल तर दोन्ही काठ तारेसकट धारदार कात्रीने कापून टाका आणि पॉलिएस्टर असेल तर कापलेल्या कडा ज्योतीजवळून पटकन न्या. त्याआधी एका तुकड्यावर करून बघा.

175 सेंमी म्हणजे वहीभोवती दोन वेढे सहज येतील आणि बोला पुरून उरेल. आईंना उजवं-डावंही दाखवा. रोज बांधायची आहे.